अंगठा माझा, कागद माझा नाही

आबा कुंपणाबाहेर उभा होता आणि आतली म्हातारी त्याला म्हणत होती, "तितंच ऱ्हा. तितनंच बोल."

आबा म्हणजे माझा बाप. मी त्याच्या मागे, आठ-नऊ वर्षांची. चैत्राचं ऊन, पायात काही नाही. आमच्या गावच्या पाटलाचा चुलता पहाटे गेला होता, आणि त्याच्या लेकीच्या सासरी सांगावा घेऊन आम्ही दोन डोंगर उतरून धरणाच्या अंगाला आलो होतो. मयताचा सांगावा पोचवायचं काम आमच्या घराकडं. आज्याकडं होतं, पणज्याकडंही होतं. निरोप तोंडपाठ करायचा, झपाझपा जायचं, दाराबाहेर उभं राहून सांगायचं. मजुरी नाही. उरलंसुरलं पदरात टाकतील ते.

आबानं सांगितलं. आत एकच आकांत झाला. आम्ही उभेच, कारण जा म्हटल्याशिवाय जायचं नाही अशी रीत. माझा घसा कोरडा पडला होता. लहानच होते, बोलून गेले.

"आजी, पानी द्या की."

म्हातारी रडायची थांबली. खरं सांगते, थांबली. "मरान घिऊन आलाय आन वर पानी मागताय?" म्हणाली. आत गेली, शेणकाल्याची बादली घेऊन आली आणि आम्ही उभे होतो तिथंच सडा मारला. आम्ही हलायच्या आत. माझा परकर, आबाचे पाय, सगळं शेणानं भरलं.

आबा म्हणाला, "येतो जी."

एवढंच. वाटेत ओढ्यावर त्यानं माझा परकर धुतला, पिळला, ओलाच मला नेसवला. मी विचारलं, "आबा, आपुन काय केलं?"

"बातमी आनली," तो म्हणाला.

पुढं पाच-सहा वर्षांनी, बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर, आमच्या वस्तीनं ठरवलं की हे काम बंद. धर्म घेऊन इतकी वर्षं झाली, मेलेलं ढोर ओढायचं कधीच सोडलं होतं. सांगावा तेवढा राहिला होता, कारण माणसाच्या मरणाला नाही कसं म्हणायचं. तेही ठरलं. आणि पाटलाच्या घरात परत कुणी वारलं तेव्हा गडी आला बोलवायला. आबा बाहेर आला आणि म्हणाला, "आमी आता जात न्हाई. कारड टाका."

गडी हसला. "कारड पोचंस्तोवर मयत ठिवायचं व्हय रं?"

"मग तू जा," आबा म्हणाला. "तुला पाय हायेत की."

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं आईची दळणाची पाटी न दळताच परत केली. तिसऱ्या दिवशी दुकान बंद. म्हणजे दुकान उघडंच होतं, आमच्यापुरतं बंद. शेतावर कुणी हाक मारेना. आमच्या अकरा घरांशी जो बोलेल त्याला दंड, असं ठरलं म्हणे. जात्यावर दळायचं म्हटलं तर दळायला दाणा कुठं होता? मीठ-मिरची आणायला बायका पौडपर्यंत चालायच्या.

घरात रोजचा पैसा येत होता तो फक्त माझा. आता तो कुठून, ते सांगते, कारण सगळी गोम तिथं आहे.

पौडात एक छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळांच्या पावत्या, आणि दर शुक्रवारी चार पानांचं एक साप्ताहिक. मालक तेच संपादक. माझ्या मामानं तिथं मला चिकटवलं होतं, झाडलोट करायला. दुसरीत शाळा सुटलेली, शिकलेलं विसरलेली पोर मी. पण छापखान्यात झाडताना खाली शिशाचे खिळे सापडायचे. एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, उलटं. जुळारी काका होते, आयुष्य खिळे जुळवण्यात गेलेलं, तोंडात सारखं पान. ते म्हणाले, "टाकू नको गं, त्याच्या त्याच्या खणात ठेव." कुठला खण? ते दाखवायचे. क इथं, ख तिथं. काना वेगळा, वेलांटी वेगळी. असं करत छापून झालेल्या पानाचे खिळे रॉकेलनं धुऊन सुटे करायचं, खणाखणात परत टाकायचं काम माझ्याकडं आलं. वर्षभरात मी वाचायला लागले. गंमत बघा, उलटं आधी यायला लागलं, सुलटं नंतर. काका म्हणायचे, "तुला आरशात बसवून पेपर द्यायला पाहिजे."

हाताचं अक्षर मात्र मला येत नव्हतं. गावोगावचे वार्ताहर शाईनं लिहून पाठवायचे, ते काका वाचायचे. ते शिशात उतरलं की मला कळायचं. लेखणी तर शाळा सुटल्यापासून मी धरलीच नव्हती.

मालक वाईट माणूस नव्हता. "आमच्याकडे जातबीत काही नाही" असं तो आल्यागेल्याला सांगायचा. माझा पेला तेवढा खिडकीत असायचा. खंडेनवमीला यंत्राची पूजा व्हायची तेव्हा म्हणायचा, "तू जरा पायरीवर बस हो, गुरुजी जुन्या वळणाचे आहेत." मी पायरीवर बसायचे. झेंडूच्या माळा आत, माझ्या हातानं धुतलेल्या खिळ्यांवर. प्रसाद मात्र बाहेर आणून द्यायचा, हे खोटं कशाला बोलू.

बहिष्काराला तीन आठवडे झाले तेव्हा वस्तीनं तहसिलीत अर्ज दिला. मामानं तो कुणाकडून तरी लिहवून घेतला होता. चौकशीला साहेब येणार असं कळलं. लोकांना जरा धीर आला.

आणि एका दुपारी, मी छापखान्यात असताना, गावचे मास्तर आमच्या घरी गेले. हेच मास्तर त्या साप्ताहिकाचे आमच्या गावचे वार्ताहर. आबा एकटाच होता. मास्तर म्हणाले, "गिरनीवाला तयार झालाय. त्याला फकस्त लेखी पायजेल, तुमाला दळान पायजे म्हनून. आंगठा दे, झालं." आबानं दिला. घरात चार दिवस पीठ नव्हतं. त्याच संध्याकाळी गिरणीवाल्यानं आईला बोलावलं आणि आपल्याकडची एक पायली नाचणी दळून दिली. फक्त आमच्या घराची. दुसऱ्या कुणाची नाही.

तान्हूआत्या शेजारी राहायची. आबाची चुलत बहीण, तोंडानं फटकळ. भाकरीचा वास आला तशी दारात येऊन उभी राहिली.

"दादा, ग्वाड लागतंय का पीठ?"

ती टोमणा कशाचा मारतेय हेच आबाला ठाऊक नव्हतं.

मला कळलं बुधवारी. काकांनी मजकूर जुळवला, कच्ची प्रत काढली आणि ती मालकाकडं न्यायला माझ्या हातात दिली. चालता चालता वाचायची मला खोड होती. गावाचं नाव दिसलं म्हणून थांबले. 'गावात सलोखा', असं वर ठळक. खाली लिहिलं होतं की बहिष्काराच्या वावड्या बाहेरच्या लोकांनी उठवल्या आहेत, गिरणी सर्वांना खुली आहे, आणि वस्तीतील ज्येष्ठ रहिवाशाने आपली कोणतीही तक्रार नसल्याचे अंगठ्यानिशी लेखी दिले आहे. पुढं आबाचं नाव. आज्याच्या नावासकट, पूर्ण.

माझ्या बापाचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

मालकासमोर गेले. म्हणाले, "मालक, हे खोटं हाय. ह्यो माजा बाप हाय."

त्यांनी चष्मा वर केला. "अंगठा त्याचाच ना?"

"व्हय. पन त्याला वाचून न्हाई दाखवलं. दळनाचा कागद म्हनून घेतला."

"अगं, मग खुलासा लिहून आण. आम्ही छापतो. वर्तमानपत्र आहे, सगळ्यांची बाजू येते इथे."

लिहून आण. कशानं लिहू? मला लेखणीचं अक्षर येत नाही हे त्यांना माहीत होतं. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांची जुळवायची पट्टी माझ्यापुढं सरकवली. जेवायची सुट्टी होती. मी खणांसमोर उभी राहिले. दोन वर्षं मी नुसतं सुटं करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा जुळवलं. चार ओळी झाल्या. 'माज्या बापाचा आंगठा दळनाच्या नावावर घेतला. त्याला वाचून दाखवलं न्हाई. गिरन आमाला बंद हाय. दुकान बंद हाय.' एवढं करायला माझी सगळी सुट्टी गेली, भाकरी तशीच राहिली.

काकांनी प्रत काढून दिली. मालकांनी वाचली आणि पहिलं बोलले ते हे: "भाषा सुधारावी लागेल."

मग म्हणाले, "हे बघ, गावाकडच्या मजकुराची वाट वार्ताहरामार्फत असते. तशी आमची रीत आहे. मास्तरांची सही आण याच्यावर, पुढच्या अंकात बघू."

"मास्तरांनीच तर..."

"मग मी काय करू? मी का तिथे होतो?" ते परत आपल्या कागदाकडं वळले. "आणि ते जुळवलेलं सोडून ठेव. खिळे अडकून राहतात."

मी बाहेर आले. आणि सोडलं. हो. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या हातानं जुळवलेल्या चार ओळी माझ्याच हातानं सुट्या केल्या. ब बच्या खणात. प पच्या खणात. माझ्याशिवाय घरात रोजगार नव्हता. मी तिथून उठले असते तर मीठ पण आलं नसतं. ज्या पैशावर घर चाललं होतं, तोच छापखाना घर बुडवत होता, आणि मी मध्ये बसून खिळे निवडत होते. काका दुसरीकडं बघत पान जुळवत राहिले.

शुक्रवारी अंक निघाला. शनिवारी पाटलाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचला गेला. रविवारपर्यंत वस्तीत आबाशी कुणी बोलेना. गावानं टाकलेलं होतंच, आता वस्तीनंही टाकलं. आबा उंबऱ्यात बसायचा, अंगठा बघायचा. अजून शाईचा डाग होता त्यावर. दगडावर घासला तरी जाईना.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. आमच्या विहाराची पत्र्याची शेड होती, तिच्या सावलीत खुर्ची मांडली. बरोबर एक कारकून, पाटील, आणि मास्तर. साहेबाच्या हातात तो अंक होता, चौघडी केलेला. त्या दिवशी मी कामावर गेले नव्हते. आबाच्या शेजारी उभी होते.

साहेबानं विचारलं, "हा अंगठा तुझाच?"

"आंगठा माजा हाय साहेब," आबा म्हणाला. "कागद माजा न्हाई."

साहेब हसले. "दोन्ही एकाच जागी आहेत, बाबा. बरं, असू दे. मी नव्यानं जबाब घेतो. बोला, काय झालं."

लोक बोलले. आधी दबकत, मग सगळे एकदम. गिरणी, दुकान, शेताचं काम, दंडाची धमकी. साहेब लिहीत होते. पेन भरभर चाललेलं. मास्तर मान डोलवत होते, जणू त्यांनाही हे सगळं नवीनच होतं. पान भरलं. साहेबांनी कारकुनाला शाईचा पॅड काढायला सांगितला.

"तुम्ही सांगितलं ते सगळं लिहिलंय. या एकेक जण."

पहिला पुढं झाला तो आबाच. डाग धुऊन काढायची घाई त्याला. मी त्याचा हात धरला.

"साहेब, मी वाचते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कपाळावर आठ्या घालून साहेबांनी कागद दिला. मास्तर म्हणाले, "वाच की, वाच. पेपरात कामाला हाईस न्हवं?"

कागद हातात घेतला. एक अक्षर लागेना. सगळी एकमेकांत गुंतलेली, डोक्यावरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेली, काना कुठला आणि दांडी कुठली काही कळेना. मला शिशाचं अक्षर येत होतं. माणसाच्या हाताचं येत नव्हतं. आणि हे मला, मलाच, पुढं होऊन कागद मागेपर्यंत आठवलं नाही.

अकरा घरं माझ्या तोंडाकडं बघत होती. तान्हूआत्या म्हणाली, "वाच गं बाय."

मला खोटं वाचता आलं असतं. लोकांनी जे सांगितलं तेच मी कागदाकडं बघत म्हणून दाखवलं असतं तर कुणाला कळलं असतं? माझी लाज राहिली असती. कदाचित तसंच लिहिलेलंही असेल. मास्तरांच्या ओठांवर हसू होतं. त्यांना माहीत होतं. मी हाताचं अक्षर वाचत नाही हे त्यांना छापखान्यात येऊन-जाऊन माहीत होतं.

मी कागद साहेबांच्या मांडीवर परत ठेवला.

"मला ह्ये वाचता येत न्हाई," म्हणाले. मग मागं वळले, वस्तीकडं. "मला वाचता येत न्हाई. म्हनून कुनी आंगठा द्यायचा न्हाई."

मग तान्हूआत्यानं अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली घातली. तिच्या मागं तिच्या सुनेनं. मग वस्तीतल्या बाप्यांनी. आबानं सगळ्यात शेवटी, पण घेतला.

साहेब चिडले. "मग तुमची तक्रार नाही असं समजू का मी?"

"तक्रार हाय," मी म्हणाले. "छापल्यावानी सुटं सुटं लिवा. मी एकेक अक्षर वाचीन. दिस मावळला तरी चालंल."

"मला आणखी तीन गावं आहेत."

"मग उद्या या."

पाटील म्हणाले, "बघा साहेब, ही अशी तोंडं." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कागद घडी करून खिशात घातला, बिनअंगठ्याचा. जीप गेली.

पुढच्या शुक्रवारी छापून आलं, 'चौकशीस सहकार्य नाही.' मी ते खिळे सुटे केले नाहीत. मी परत गेलेच नाही. घरातला एकुलता रोजगार मी माझ्या हातानं घालवला आणि आई मला एक शब्द बोलली नाही. आम्ही करवंदं, रानभाजी, पलीकडच्या ठाकरवाडीनं चोरून दिलेल्या वरईवर दिवस काढले. त्या लोकांच्या घरातही काही नव्हतं, तरी दिलं. बहिष्कार उठला आषाढात. कुणाला दया आली म्हणून नाही. भाताची लावणी आली, आवणाला हात पाहिजेत, म्हणून उठला. एका सकाळी गडी दारात उभा राहिला, जसं काही घडलंच नाही.

वस्ती आबाशी बोलायला लागली होती. पण पेपरात तो तसाच राहिला, तक्रार नसलेला. खुलासा कधी आला नाही. मरेपर्यंत कुणी पेपर वाचताना दिसलं की आबा उठून जायचा.

मी हाताचं अक्षर शिकले. काकांनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर वार्ताहरांचे जुने कागद पाठवले, रद्दी म्हणून. मास्तरांचंच अक्षर मी पहिलं शिकले. मग तलाठ्याचं, ग्रामसेवकाचं, दवाखान्यातल्या डॉक्टरचं. प्रत्येकाचं वळण वेगळं, प्रत्येकाची लपवायची जागा वेगळी. पुढं आमच्या वस्तीत कुठलाही कागद आला की आधी माझ्याकडं यायचा.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. हिंजवडीकडून, स्कूटीवर. गुणी पोर. तालुक्यातल्या वर्तमानपत्रांचा इतिहास लिहितेय म्हणाली. छापखान्यात काम केलेली मीच एक उरलेय म्हणून माझ्याकडं आली. चहा घेतला. त्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांचे बांधलेले गठ्ठे कुठं आहेत ते तिला सापडलं होतं. मोबाईलवर फोटो दाखवला. 'गावात सलोखा'. आबाचं नाव. पिवळं पडलेलं, पण स्पष्ट.

मी तिला सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसं. तिनं फोटो परत बघितला. मग म्हणाली, "आजी, याचा कुठे पुरावा मिळेल का? म्हणजे छापील असं काही?"

"न्हाई."

"मग मला अंकात जे आहे ते घ्यावं लागेल. तुमचं म्हणणं तळटीपेत टाकते ना." आणि पिशवीतून एक छापील कागद काढला. "इथे फक्त सही करा. मुलाखतीची परवानगी, बाकी काही नाही. फॉर्मॅलिटी असते."

मी चष्मा लावला. दीड पान होतं, बारीक अक्षरात. ती घड्याळाकडं बघत होती. चांदणी चौकात गर्दी होईल म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणाले.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. सही केली नाही. तिला सांगितलं, आबाचं आधी लिही. तळात नाही, वर, त्या बातमीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. लिहिलेलं पान घेऊन ये. मी वाचेन. एकही ओळ बदललेली दिसली तर माझं नाव, माझा आवाज, माझ्या बापाचं नाव, काहीच तुला मिळणार नाही. इतिहास अर्धा राहिला तर राहू दे.

ती परत आलेली नाही अजून. येईल किंवा नाही. कागद माझ्याकडं आहे, बिनसहीचा, आणि ते पान येईपर्यंत तसाच राहणार.